इंजिनातले शेवटचे थेंब

मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर आसनगाव मागे टाकले की पुढचे स्टेशन आटगाव. येथून जवळूनच मुंबई-नाशिक महामार्ग जातो. आटगावच्या आसपासच काय, पण शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांतल्या कितीतरी गावांत आणि पाड्यांवर आज मोटारसायकल हेच घरचे वाहन झाले आहे. सकाळी दुधाचे कॅन पोचवायचे, मग कोणाला तरी लोकल गाठून द्यायची, दुपारी खताची गोणी आणायची, रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले तर दवाखाना गाठायचा, हे सारे तिच्याच जिवावर चालते. अशा घरी इंजिन बिघडले तर नुसती गाडी थांबत नाही, घरातल्या चार माणसांची कामे अडतात.

म्हणूनच गाडीचे ऑइल बदलण्याच्या दिवशी गॅरेजपुढे एक वाद हमखास ऐकू येतो. इंजिनाच्या तळाचा नट काढलेला असतो. काळ्या तेलाची धार भांड्यात पडून संपलेली असते आणि आता थेंब पडत असतात.

"काका, धार तुटली, नट लावतो," मेकॅनिक म्हणतो.

"अरे, थांब की! अजून ठिबकतंय. अर्धा तास ठिबकू दे. जरा इकडे-तिकडे कलव गाडी," गाडीमालक म्हणतो.

"त्यापेक्षा पावशेर डिझेल ओता आत आणि धुऊनच काढा," शेजारी उभा असलेला तिसरा सल्ला देतो.

या तिघांपैकी बरोबर कोण? जुने तेल काढायचे ते किती काढायचे? धार तुटेपर्यंत, थेंब थांबेपर्यंत, की इंजिन आतून अगदी कोरडे होईपर्यंत? प्रश्न गॅरेजातला असला तरी त्याचा निकाल लावायला थोडे भौतिकशास्त्र आणि साधा गुणाकार-भागाकार पुरेसा आहे. चला, तो लावून पाहू.

तेल काळे का होते?

आधी एक खुलासा. एके काळी आपल्या रस्त्यांवर राजदूत, येझदी अशा गाड्या फार दिसत. त्यांचे इंजिन दोन आघातांचे, म्हणजे टू-स्ट्रोक होते. त्यात वंगण तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असे आणि त्याच्याबरोबर जळून जाई. तेथे गिअरचे तेल तेवढे बदलावे लागे. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० ही चार आघातांची छोटी मोटारसायकल आपल्याकडे आली आणि पुढे अशाच गाड्यांचा प्रसार झाला. यांच्या इंजिनाच्या पोटात लिटरभर तेल कायम असते. बहुतेक गाड्यांत तेच तेल इंजिनाला, गिअरला आणि क्लचलाही पुरते. आपला प्रश्न या गाड्यांचा.

हे तेल पाच कामे करते. धातूच्या दोन पृष्ठभागांमध्ये पातळ थर होऊन घर्षण कमी करते. उष्णता वाहून नेते. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यातली फट बुजवते. गंज रोखते. आणि पाचवे काम म्हणजे आतली घाण स्वतःच्या अंगावर घेते. इंधन जळताना काजळी होते, थोडी वाफ होते, काही आम्ले तयार होतात. थोडे न जळलेले पेट्रोल दट्ट्याच्या कड्यांवरून खाली उतरते. दातेरी चाकांच्या घासण्याने धातूचा सूक्ष्म चुरा निघतो. हे सगळे तेलात जमा होते. काजळीचे कण एकमेकांना चिकटून गाळ होऊ नये म्हणून तेलात मुद्दाम काही रसायने घातलेली असतात. ती कणांना वेगवेगळे तरंगत ठेवतात. म्हणून तेल काळे दिसले की ते वाया गेले असे नव्हे. ते आपले काम करीत आहे एवढाच त्याचा अर्थ. परंतु ही रसायने हळूहळू खर्च होतात आणि घाण वाढत जाते. तेव्हा ठरावीक अंतरानंतर तेल बदलावेच लागते.

थेंब रेंगाळतो का?

आता त्या ठिबकणाऱ्या थेंबांकडे वळू. इंजिनाच्या आतल्या भिंतींवर तेलाचा थर चिकटलेला असतो. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते आणि तेलाची श्यानता, म्हणजे त्याच्या थरांमधले अंतर्गत घर्षण, त्याला मागे धरते. भिंतीला टेकलेला थर जवळजवळ स्थिर असतो. त्याच्यावरचा थोडा सरकतो, त्याच्यावरचा आणखी थोडा. सर्वांत बाहेरचा थर सर्वांत वेगाने घसरतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. थर जाड असेल तर बाहेरचे तेल भिंतीपासून दूर असते आणि भरभर वाहते. थर पातळ झाला की सगळेच तेल भिंतीच्या पकडीत येते. गणिताने असे दिसते की थराची जाडी निम्मी झाली तर वाहणाऱ्या तेलाचे प्रमाण निम्मे होत नाही, एक-अष्टमांश होते! म्हणजे जसजसे तेल निथळते तसतसे उरलेले तेल अधिकाधिक हट्टी होते.

उभ्या भिंतीवरून द्रव कसा निथळतो याचा हिशेब ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी १९३० साली मांडला. त्याचे सार एका वाक्यात सांगता येते: थराची जाडी काळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. एका मिनिटानंतर जेवढी जाडी असेल तिच्या निम्मी व्हायला चार मिनिटे लागतात, पाव व्हायला सोळा मिनिटे आणि एक-अष्टमांश व्हायला चौसष्ट मिनिटे. पहिल्या काही मिनिटांत बहुतेक काम उरकते आणि पुढे तासन्‌तास थांबून हाती फारसे काही लागत नाही.

याच सूत्रात श्यानताही येते. ती नऊपट असेल तर तितक्याच वेळात थर तिप्पट जाड राहतो. आणि तेलाची श्यानता तापमानाबरोबर केवढी बदलते पाहा. २०डब्ल्यू-४० जातीच्या तेलाची श्यानता ३० अंश सेल्सिअसला साधारण २२० एकके असते (एकक म्हणजे चौरस मिलिमीटर दर सेकंदाला). गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून तेल ८० अंशांपर्यंत तापले की तीच श्यानता साधारण २५ वर येते, म्हणजे जवळजवळ नऊपट कमी. सूत्र सांगते की श्यानता नऊपट कमी झाली तर तितकाच थर उरण्यासाठी वेळही नऊपट कमी लागतो. म्हणजे रात्रभर उभ्या असलेल्या गार गाडीचे तेल दीड तास ठिबकवून जे साधेल, ते नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीत दहा मिनिटांत साधते. शिवाय इंजिन नुकतेच फिरलेले असल्याने घाण तेलात तरंगत असते आणि तेलाबरोबरच बाहेर पडते. गाडी गार झाली की तिच्यातली काही तळाशी बसते.

आता आकडे घालून पाहू. छोट्या इंजिनाच्या आतल्या सर्व भागांचा पृष्ठभाग सढळ हाताने अर्धा चौरस मीटर धरू आणि भिंतींची उंची दहा सेंटिमीटर. तेल ८० अंशांवर असेल तर एका मिनिटानंतर भिंतींवर सुमारे २२ मिलिलिटर तेल उरते, दहा मिनिटांनंतर सुमारे ७ आणि चाळीस मिनिटांनंतर सुमारे साडेतीन. (इंजिन मध्यंतरी गार होते, तो भाग सोडून दिला आहे. तो धरला तर थांबण्याचा फायदा आणखीच कमी होतो.) म्हणजे दहा मिनिटांनंतर आणखी अर्धा तास थांबून काकांच्या पदरात पडले साडेतीन मिलिलिटर. चहाचा चमचाही भरत नाही!

करून पाहा

हा नियम स्वयंपाकघरातल्या तेलावर तपासता येतो. एक लिटरची रिकामी, कोरडी, गुळगुळीत बाटली घ्या. तिच्यात मोजून १०० मिलिलिटर शेंगदाण्याचे तेल ओता. बूच लावून बाटली आडवी-उभी फिरवा, म्हणजे आतून सगळीकडे तेल लागेल. मग ती प्रयोगशाळेतल्या मोजपात्रावर उपडी धरा आणि घड्याळ लावा. १ मिनिट, ४ मिनिटे आणि १६ मिनिटे झाल्यावर पात्रात किती तेल आले ते लिहा. शंभरातून ते वजा केले की बाटलीत उरलेले तेल मिळते. एका मिनिटानंतर उरलेले तेल पाच-सात मिलिलिटरच्या आसपास असावे. चार मिनिटांनी ते त्याच्या साधारण निम्मे आणि सोळा मिनिटांनी साधारण पाव होते का पाहा. बाटलीच्या आकाराप्रमाणे आकडे थोडे बदलतील, पण बदलाची रीत तीच राहील.

मग तेलाची बाटली गरम पाण्याच्या भांड्यात थोडा वेळ ठेवून हाच प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी मांडा. वापरलेले तेल फोडणीला घेता येईल, त्यामुळे आईची हरकत नसावी!

जे कधीच ठिबकत नाही

मग आतले सगळेच तेल दहा मिनिटांत निघते का? नाही. भिंतींवरचा थर ही गोष्ट वेगळी आणि खाचाखोचांत अडकलेले तेल वेगळे. तेलाच्या पंपात, बारीक वाटांमध्ये, गाळणीत, क्लचच्या चकत्यांमध्ये आणि तळातल्या नटाच्या पातळीखाली राहिलेल्या खोलगट जागांत तेल अडकून बसते. तेथून खाली यायला त्याला वाटच नसते. ते दहा मिनिटांत येत नाही आणि दहा तासांतही येत नाही. तांब्या सरळ ठेवून त्याच्या तळातले पाणी बाहेर पडण्याची वाट पाहण्यासारखेच ते आहे.

गाडी बनवणाऱ्यांना हे पुरते ठाऊक असते. गाडीबरोबर मिळणारी माहितीपुस्तिका उघडून पाहा. अनेक गाड्यांच्या पुस्तिकांत इंजिन तेलाचे दोन आकडे दिलेले असतात. एक, नेहमीसारखे तेल काढून बदलताना भरायचे तेल. दुसरा, इंजिन पूर्ण उघडून जोडल्यावर भरायचे तेल. दुसरा आकडा मोठा असतो. या दोहोंतला फरक म्हणजेच नट काढून न निघणारे तेल. समजा, पहिला आकडा ९०० मिलिलिटर आणि दुसरा १००० मिलिलिटर आहे. म्हणजे दहावा हिस्सा दर खेपेस आत राहणारच. काही गाड्यांत तो पाचव्या हिश्श्याच्या जवळपासही जातो. तेल किती किलोमीटरला बदलावे हे ठरवताना कारखान्याने हा उरणारा हिस्सा जमेस धरलेलाच असतो.

हे दोन आकडे न पाहणाऱ्याची एक वेगळीच फसगत होते. आत १०० मिलिलिटर उरलेले असताना तो लिटरची अख्खी बाटली ओततो. पातळी वर चढते. वेगाने फिरणारा क्रँक तेलाला धडका देऊ लागतो, तेलाला फेस येतो आणि फेसाचा थर धातूंना नीट वेगळे ठेवू शकत नाही. इंजिनाची काही शक्ती तेल घुसळण्यातच जाते. तेल सीलमधून झिरपू लागते. तेव्हा बाटली रिकामी झाली म्हणजे काम झाले असे नव्हे. गाडी सपाट जागी सरळ उभी करून तेल मोजपट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये आहे ना, हे पाहिले पाहिजे. पट्टी आवळून पाहायची की नुसती टेकवून, हे प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. काही गाड्यांना त्यासाठी काचेची छोटी खिडकी असते.

उरलेल्या तेलाचा हिशेब

आता मुख्य प्रश्न. हा दहावा हिस्सा दर वेळी आत राहिला तर घाण साठत साठत जाऊन शेवटी इंजिन बरबटून जाईल का? तसे वाटते खरे. पण हिशेब करून पाहू.

समजा, गाडीचे तेल दर ३००० किलोमीटरला बदलायचे आहे आणि तेवढ्या प्रवासात तेलात १०० एकक घाण जमते. आपण तेल बदलले. दहावा हिस्सा उरला, म्हणजे १० एकक घाण आत राहिली. पुढच्या ३००० किलोमीटरमध्ये आणखी १०० आली. झाली ११०. पुन्हा तेल बदलले. दहावा हिस्सा, म्हणजे ११ उरली. पुढच्या खेपेस १११. त्याच्या पुढच्या खेपेस १११.१. मग १११.११. आता ती पुढे वाढेनाच! गाडी वीस वर्षे चालवली तरी घाण ११२ च्या वर जात नाही. कारण जितकी घाण जास्त, तितकी तिच्यातली जास्त घाण दर वेळी बाहेरही पडते. थोड्याच खेपांत आवक आणि जावक यांचा मेळ बसतो.

हे एका सूत्रात मांडता येते. दर वेळी तेलाचा 'र' हा भाग आत उरत असेल, तर घाण शेवटी १०० भागिले (१ − र) या आकड्यावर येऊन थांबते. 'र' एक-दशांश असेल तर १११; एक-पंचमांश असेल तर १२५; निम्मे तेलच आत राहिले तर २००.

आता याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहा. तेल बदलायला १० टक्के उशीर केला तर घाण १० टक्क्यांनी वाढते. म्हणजे आत उरलेले तेल आणि केलेला उशीर ही एकाच नाण्यात मोजता येतात. किलोमीटर हे ते नाणे. लिटरभर तेलापैकी २० मिलिलिटर, म्हणजे २ टक्के, आत जास्त राहिले तर घाण १०० ऐवजी १०२ होते. ३००० किलोमीटरच्या दोन टक्के म्हणजे ६० किलोमीटर. ज्या २० मिलिलिटरसाठी काका गॅरेजपुढे अर्धा तास ताटकळणार आहेत, त्यांची किंमत आटगावहून एकदा ठाण्यापर्यंत जाण्याइतकी आहे. आणि आपण पाहिलेच की अर्ध्या तासात २० नव्हे, साडेतीनच मिलिलिटर निघतात. त्यांची किंमत झाली जेमतेम दहा-अकरा किलोमीटर.

आता दोन गाड्यांची तुलना करा. पहिल्या गाडीचा मालक फार काटेकोर आहे. गाडी तिरकी करून, रात्रभर ठिबकवून तो आत फक्त ८ टक्के तेल उरू देतो. पण पुढचे तेल बदलायला मात्र त्याला ५००० किलोमीटरनंतर सवड होते. दुसरी गाडी दहा मिनिटांत उरकते, तिच्यात १० टक्के तेल उरते, पण ३००० किलोमीटर झाले की ती गॅरेजात हजर असते. सूत्रात आकडे घाला. पहिल्या गाडीतली घाण १८१ वर जाईल, दुसरीतली १११ वर राहील. रात्रभराच्या ठिबकण्याने कमावले ते उशिराने कितीतरी पटींनी घालवले.

घाण किलोमीटरच्या अगदी समप्रमाणात वाढते असे आपण येथे धरले आहे. प्रत्यक्षात उशीर झालेल्या तेलातली संरक्षक रसायने संपत आल्यावर बिघाड अधिक वेगाने होतो. शिवाय मधल्या काळात तेलाची पातळीही घटत असते. म्हणजे खरा हिशेब उशीर करणाऱ्याच्या आणखी विरुद्ध जाईल. ३००० हा आकडाही केवळ उदाहरणासाठी घेतला आहे. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या पुस्तिकेतच पाहावा.

धुण्याचा मोह

डिझेल किंवा रॉकेल ओतून इंजिन धुवावे, या तिसऱ्या सल्ल्याचे काय? दिसायला तो फार स्वच्छ वाटतो. पण ज्या खाचाखोचांत जुने तेल अडकते, त्याच खाचाखोचांत डिझेलही अडकणार. लिटरभराच्या जागी १०० मिलिलिटर जुने तेल उरण्याऐवजी आता १०० मिलिलिटर डिझेल उरले. जुने तेल मळलेले असले तरी तेलच होते. डिझेल हे वंगण नव्हे, ते फार पातळ आहे. नव्या तेलात दहावा हिस्सा डिझेल मिसळले तर तापलेल्या इंजिनात त्याची श्यानता पाव हिश्श्याने किंवा त्याहूनही अधिक घटते. धातूंच्या मधला तेलाचा थर किती जाड राहणार हे श्यानतेवर अवलंबून असते, हे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ सालीच गणिताने दाखवून दिले आहे. श्यानता घटली की थर पातळ होतो आणि धातू धातूला भिडण्याचा धोका वाढतो. तेव्हा 'किती उरले' याच्याइतकेच 'काय उरले' हेही महत्त्वाचे आहे.

काहीजण नट उघडा ठेवून इंजिन क्षणभर चालू करतात, म्हणजे उरलेले तेल फेकले जाईल! हे तर मुळीच करू नये. तेलावाचून फिरणाऱ्या इंजिनात काही क्षणांतच ओरखडे पडू शकतात. किक असलेल्या गाडीत चावी बंद ठेवून चार-सहा वेळा किक हळू दाबली तर पंपातले आणि वाटांतले थोडे तेल खाली येते. तेवढे पुरे.

मात्र येथे काटेकोर व्हा

काही प्रसंग असे असतात की तेथे दहावा हिस्सासुद्धा आत राहून चालत नाही. भातसा, काळू या नद्यांना पूर येतो, रस्त्यावर पाणी चढते आणि गाडी बुडते. इंजिनात पाणी शिरले की तेल दुधाळ चहासारखे दिसू लागते. क्लच जळून त्याचा चुरा तेलात मिसळणे, चुकीचे तेल ओतले जाणे हेही असेच प्रसंग. अशा वेळी काय करावे?

उत्तर घरातल्या धुण्यात आहे. साबण लावलेला कपडा एकाच बादलीत कितीही वेळ खळबळला तरी त्यात थोडा साबण राहतोच. पण तेच पाणी दोन बादल्यांत वाटून कपडा दोनदा खळबळला की तो कितीतरी अधिक स्वच्छ निघतो. इंजिनाचेही तसेच. त्याच जातीचे तेल भरावे, इंजिन थोडा वेळ चालवावे आणि गरम असतानाच काढावे. पहिल्या बदलानंतर दहावा हिस्सा उरतो. दुसऱ्यानंतर दहाव्याचा दहावा, म्हणजे शंभरावा. तिसऱ्यानंतर हजारावा. शेवटच्या थेंबाची रात्रभर वाट पाहून जे साधत नाही, ते दोनदा भरून-काढून साधते. मात्र बुडालेली गाडी तशीच चालू करू नये. आधी मेकॅनिकला दाखवावी, कारण पाणी सिलिंडरमध्येही शिरलेले असू शकते.

नव्या गाडीच्या पहिल्या सर्व्हिसलाही टाळाटाळ करू नये. नवे भाग एकमेकांवर बसत असताना धातूचा चुरा सर्वांत जास्त निघतो. म्हणूनच पहिला बदल नेहमीपेक्षा लवकर सांगितलेला असतो.

आणि काढलेले तेल?

भांड्यात जमलेल्या लिटरभर काळ्या तेलाचा हिशेब अजून बाकी आहे. खरे म्हणजे इंजिनात उरलेल्या थेंबांपेक्षा अधिक काळजी याची करायला हवी. पावसात रस्त्यावर तेल सांडले की इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात ना? ते रंग दिसतात तेव्हा तेलाचा थर मिलिमीटरच्या दोन-तीन हजाराव्या भागाइतका पातळ असतो. अर्धा मायक्रॉन जाडीचा थर धरला तर एक लिटर तेल २००० चौरस मीटर पाणी झाकू शकते. म्हणजे जवळजवळ अर्धा एकर! अशा थरामुळे हवेतला प्राणवायू पाण्यात नीट मिसळत नाही. शिवाय या तेलात धातूंचा अंश आणि जळून तयार झालेली घातक द्रव्ये असतात, ती वेगळीच.

आपल्या शहापूर तालुक्याच्या बाबतीत तर ही गोष्ट दुप्पट लागू आहे. १८९२ सालापासून मुंबईला पाणी पाजणारा तानसा तलाव येथेच आहे. भातसा धरणही येथलेच. नाल्यात ओतलेले तेल पहिल्या पावसात ओढ्याला मिळते, ओढा नदीला मिळतो आणि मध्ये आपल्याच विहिरी असतात. गावाकडे गोठ्याच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून जळके ऑइल लावण्याची पद्धत आहे. पण तेही जमिनीत मुरतेच. विहिरीजवळ आणि गुरे अंग घासतात तेथे तर ते नकोच. हे तेल हाताला वारंवार लागणेही त्वचेला अपायकारक आहे. तेव्हा हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

वापरलेले तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. २०१६ च्या नियमांत त्याची नोंद आहे. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी तेल तयार करणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवरही टाकण्यात आली आहे. गंमत अशी की तेल मळते, त्यातली रसायने संपतात, पण मूळ तेल बहुतांशी शाबूत राहते. परवाना असलेल्या कारखान्यात ते गाळून, शुद्ध करून पुन्हा वंगण बनवता येते. म्हणून जुने तेल झाकणाच्या डब्यात भरून, त्यात पाणी किंवा डिझेल मिसळू न देता, जे गॅरेज ते साठवून परवानाधारकाला देते तेथे पोचवावे.

आता वादाचा निकाल देता येईल. मेकॅनिकची घाई थोडी जास्त आहे, काकांचा धीर जरा जास्तच आहे आणि डिझेलचा सल्ला ऐकूच नये. गाडी चालवून तेल तापवावे. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी सरळ उभी करावी. दहा मिनिटे निथळू द्यावे. गाळणी बदलायची असेल तर बदलावी किंवा साफ करावी. नटाखालचा वायसर नीट बसवून पट्टीवर मोजून तेल भरावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, पुढच्या वेळी उशीर करू नये. हात भाजणार नाही याची काळजी मात्र घ्या. तापलेले तेल आणि सायलेन्सर कोणाचीही गय करीत नाहीत.

आता तुमच्यासाठी एक काम. घरच्या किंवा शेजारच्या गाडीची पुस्तिका मिळवा. तिच्यातले तेलाचे दोन आकडे शोधा आणि 'र' काढा. मग मीटरवर पाहा, मागच्या वेळी तेल बदलल्यापासून किती किलोमीटर झाले. उरलेल्या तेलाची किंमत किलोमीटरमध्ये किती आणि झालेल्या उशिराची किती, ते वहीत शेजारी-शेजारी मांडा आणि गाडीच्या मालकाला दाखवा. कोणता आकडा मोठा येतो, ते तुम्हीच पाहा.